उजव्या खांद्यावरची पाकळी

नाव तृप्ती, पण जिवाला कधी स्वस्थता म्हणून नाही, असं तिच्याबद्दल खैरवण्यात लहानपणापासून बोललं जाई. सेहेचाळीस वर्षांची झाली, शहरातल्या एका संस्थेत दगडांची जाणकार म्हणून नाव मिळवलं, तरी बसल्या जागी पाय हलवायची सवय काही सुटली नव्हती. त्या गुरुवारी सकाळी रवळनाथाच्या देवळाच्या पायरीवर बसून ती मांडीवरच्या यंत्राच्या पडद्याकडे बघत होती, आणि तिचे दोन्ही पाय हलत होते.

पडद्यावर एकच ओळ होती. रविवार, सकाळी अकरा ते एक. डावा प्रसाद. खात्री शंभरात सत्त्याण्णव.

डावा म्हणजे नाही. आणि रविवारी गाव देवाला विचारणार होतं की डोंगराखालची त्रेचाळीस घरं सोडून वर सड्याच्या कातळपठारावर जायचं का.

डोंगराला त्या वर्षी, २०४१च्या मार्चमध्ये, भेग पडली होती. आधी बोटभर, मग चार बोटं, आता तिच्यात हात कोपरापर्यंत जाई. मोजणीला आलेल्या लोकांनी स्पष्ट सांगितलं होतं की दोन दिवसांत बारा इंच पाऊस झाला तर ही बाजू खाली येईल, आणि असा पाऊस आता दर वर्षी होतो. सरकारनं सड्यावर पत्र्याच्या खोल्या बांधून ठेवल्या. पण जबरदस्ती नको, गावानं ठराव करावा, असं कागदावर लिहिलं. गाव म्हणालं, ठराव कसला, कौल लावू. जूनला तीन आठवडे उरले होते.

कौलाची रीत साधी. गुरव तांबड्या जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवतो आणि देवाच्या काळ्या पाषाणाच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवतो. गावचा मानकरी प्रश्न सांगतो, गुरव तो गाऱ्हाण्यात देवापुढे घालतो, आणि गाव हात जोडून बसतं. उजवी पाकळी आधी गळली तर देव हो म्हणाला, डावी आधी गळली तर नाही. मग त्यावर ब्र काढायचा नाही.

खैरवण्याचा गुरव म्हणजे तृप्तीचे वडील, गंगाराम. दोन वर्षांपूर्वी खाऱ्या हवेनं पाषाण झिजायला लागला तेव्हा त्यांनीच लेकीला बोलावून घेतलं होतं. तिनं मूर्तीच्या पाठीमागे केसाहून पातळ अशी एक पारदर्शक कातडी चिकटवली. दगडातली ओल, वारा, ऊन, सगळं ती कातडी मिनिटामिनिटाला टिपून ठेवी. हेतू एवढाच की दगडाला कुठे औषध लावायचं ते कळावं. पण त्या दोन वर्षांत देवळात साठ-सत्तर कौल लागले आणि तेही कातडीनं टिपले. आकडे मांडले तेव्हा तृप्तीला घाम फुटला.

पाकळी दगडाला धरून राहते ती मधल्या पाण्याच्या थरामुळे. थर गेला की पाकळी गेली. उजवा खांदा दाराच्या बाजूला, तिथे वारा आधी लागतो. हवा कोरडी असली की वारा तिथलं पाणी उडवतो आणि उजवी पाकळी आधी सुटते. हवा दमट असली की वाऱ्याचं काही चालत नाही. मग डाव्या खांद्याचा दगड आपलं काम करतो. तो खारानं पोखरलेला, बारीक छिद्रांचा. पाणी तो स्वतःच पिऊन टाकतो. म्हणून थंडीत देव बहुधा हो म्हणतो आणि मे-जूनमध्ये बहुधा नाही. एवढंच होतं ते सगळं.

एवढ्यावर थांबली असती तर ती तृप्ती कसली! देवळात कौलाची जुनी वही होती. तारीख, वेळ, प्रश्न, उत्तर. तिनं किनाऱ्यावरच्या वेधशाळेच्या जुन्या नोंदी मिळवल्या आणि यंत्राला उलटं चालवलं. त्या दिवशी, त्या वेळी हवा अशी होती, तर कुठली पाकळी गळली असेल? हवेच्या नोंदी सापडल्या असे एकशे एक्क्याण्णव कौल तिनं तपासले. एकशे ऐंशी बरोबर जुळले. दहांची हवा अशी काठावरची होती की काहीही होऊ शकलं असतं.

ते जुळलेले कौल वाचताना तिला झोप लागेनाशी झाली. १९५८च्या जूनमध्ये गावानं विचारलं होतं, हायस्कुलाला जागा द्यायची का? डावा. हायस्कूल शेजारच्या गावात गेलं. हायस्कुलामागून रस्ता गेला, रस्त्यामागून दवाखाना गेला. खैरवण्याची पोरं शिकायला चार मैल चालली आणि आजारी माणसं औषधाला चार मैल चालली, कारण त्या सकाळी समुद्रावरून ओला वारा सुटला होता. तीच गोष्ट पौषात विचारली असती तर? गाव ज्याला देवाची इच्छा म्हणत आलं, तो वेळच्या वेळी सुटलेला वारा होता. राग कुणावर काढावा तेही तिला कळेना.

आणि एक कौल उरला. एकशे एक्क्याण्णवावा. तो काही केल्या जुळत नव्हता.

ती उठली आणि घरी गेली.

गंगाराम अंगणात आमसुलं वाळत घालत होते. त्र्याहत्तर वर्षांचे, अंगानं काटक, बोलणं मोजकं. तृप्ती चार वर्षांची असताना बायको गेली, तेव्हापासून लेकीचं सगळं त्यांनीच केलं होतं.

“बाबांनू, रविवारी डावी गळतली,” ती म्हणाली.

“तुका कोणी सांगल्यान?”

“हवेन.”

“आणि हवा कोणाची?” गंगारामांनी मान वर न करता विचारलं.

तिनं दुसरीकडून सुरुवात केली. “मगे प्रश्न फिरवा. सड्यार जावचा काय, असा विचारा नकात. हयच रवाचा काय, असा विचारा. डावी गळली काय झाला, देव म्हणालो, हय रवा नकात.”

“प्रश्न मानकऱ्याचो, पाकळी गुरवाची. उमेश सांगतलो तोच प्रश्न मी घालतलंय. शब्द बदललंय तर तो कौल नाय, ती चोरी.”

“त्रेचाळीस घरा आसत, बाबांनू. आपला धरून.”

“माका मोजूक येतत.”

तृप्तीनं पिशवीतून वहीची प्रत काढली आणि वाचलं. “१९९८, माघ. प्रश्न, शेवंती राऊळ हिच्या करणीनं काशीनाथाचा मुलगा गेला काय? डावा प्रसाद. दोष नाही.” तिनं वही मिटली. “त्या दिवशी हवा सुकी खडखडीत होती. उजवीच गळूक होयी होती. तुमी होतास ना गुरव?”

आमसुलं पसरणारा हात थांबला. मग गंगाराम खाली बसले.

“काशीनाथाचो झील तापान गेलो,” ते म्हणाले. “लोकांनी शेवंतीचा नाव घेतला. नवरो नाय, झील आठ वर्सांचो, आणि काशीनाथाशी बांधावरसून भांडाण. म्हणाले, हिनाच करणी केल्यान. उजवी गळली आसती तर त्याच दिवशी गावाभायर काढले आसते तिका, पोराबरोबर. तुझा यंत्र नव्हता, पण धा वर्सा मी पाकळ्यो लावी होतंय. थंडीत उजवी आधी सुटता ह्या माका ठावक होता. सगळी माणसा डोळे मिटान ‘व्हय महाराजा’ म्हणत होती. मी तीर्थात आंगठो बुडवलंय आणि उजवी परत दाबलंय.”

तृप्तीला वाटलं, वडिलांना मिठी मारावी. पण ते पुढे बोलत होते.

“फुडल्या वर्सा तुझी आवस गेली. देवाच्या तोंडार हात ठेवलेलंय मी. त्येनी माझा घर घेतल्यान.”

“आयेक कावीळ झाल्ली, बाबांनू!”

“कावीळ कित्यान झाली, ता सांगता तुझा यंत्र?” त्यांचा आवाज फाटला. “आता माझ्याकडे येक तूच उरलंस. माका परत पाकळीक हात लावूक सांगा नको.”

बेचाळीस वर्षं हा माणूस आपल्याच बायकोच्या मरणाचा गुन्हेगार म्हणून जगत होता, आणि रोज सकाळी त्याच देवाला न्हाऊ घालत होता. तृप्तीला रडू आलं, आणि रागही आला. राग वडिलांचा नव्हता, देवाचाही नव्हता. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींची गाठ मारून ती जन्मभर गळ्यात अडकवून घ्यायची, या माणूसजातीच्या खोडीचा होता.

शुक्रवारी ती मानकऱ्याला गाठायला डोंगरावर गेली. मानकरी म्हणजे उमेश राऊळ, त्याच शेवंतीचा मुलगा, आता एक्कावन्न वर्षांचा. तो भेगेपाशी उभा राहून खुणेच्या काठ्या बघत होता. म्हणजे त्याला दिसत नव्हतं असं नाही.

“रुंदावली मा?” तृप्तीनं विचारलं.

“रुंदावली,” तो शांतपणे म्हणाला.

“मगे कौल कित्याक व्हयो? डोळ्यांनी दिसता ता देवाक कित्याक विचारतास?”

उमेश हसला. हसणं चांगलं होतं, त्यात खोट नव्हती. “तृप्तीबाय, नशिबात मरण आसात तर सड्यारय येवन गाठतला. नसात तर ह्यो डोंगर आमका काय करतलो? माझ्या आवशीच्या वक्ताक अख्खो गाव एका बाजूक होतो आणि देव एकटो दुसऱ्या बाजूक. मी आठ वर्सांचो, तिचो पदर धरून बसलेलंय. डावी गळली ती अजून माझ्या डोळ्यासमोर आसा. त्या दिवसापासून देवाच्या शब्दाभायर मी पाऊल टाकूक नाय. तो म्हणालो जा, तर आजच जातंय. म्हणालो रवा, तर रवतंय.”

तृप्ती एका दगडावर टेकली. वडिलांच्या ओल्या अंगठ्यानं एका बाईला वाचवलं होतं, आणि त्याच अंगठ्यानं गावातला सगळ्यांत कट्टर भक्त घडवला होता. तो भक्त आता त्रेचाळीस घरांना डोंगराखाली धरून बसणार होता. हे सांगायचं तर याला काय सांगायचं? की तुझ्या आईला देवानं सोडवलं नव्हतं? की पाकळीचं ऐकलं असतं तर ती दोषी होती?

शनिवारी दुपारी ती शेवंतीकाकींकडे गेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकी ओटीवर फणस फोडत बसल्या होत्या, हाताला तेल लावून. खोलीत भांडी पोत्यात भरून ठेवलेली दिसली. तृप्तीनं तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा गरा खाल्ला.

“बापूस जेवता मा नीट?” काकींनी विचारलं.

“जेवतत.”

“वायच वाळलो हा. बघ तेच्याकडे.” एवढंच बोलून त्यांनी तिच्या हातात गऱ्यांचं पातेलं दिलं. तृप्ती आपल्या भित्रेपणाला शिव्या घालत घरी आली.

रविवारी सभामंडप भरला. हवा अशी दमट की कागद हातात मऊ पडावा. उमेशनं प्रश्न सांगितला. गंगाराम पाषाणापुढे उभे राहिले, सोवळं नेसलेले, पाठ गावाकडे.

“बा देवा रवळनाथा! हय जमलेली तुझी लेकरा आज पदर पसरून विचारतत...”

“व्हय महाराजा!”

“डोंगराक भेग गेली हा. घरादारांची, पोराबाळांची काळजी पडली हा...”

“व्हय महाराजा!”

“घरा सोडून सड्यार जावचा काय? जावचा आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी. हुकूम तुझो, पाऊल आमचा!”

“व्हय महाराजा!”

दोन पाकळ्या दोन खांद्यांवर बसल्या. सगळ्यांचे डोळे मिटलेले. तृप्ती वडिलांच्या अंगठ्याकडे बघत होती. तो तीर्थाकडे गेला नाही.

पाकळी हवेनं गळते, हवा समुद्रानं हलते, समुद्र चंद्रसूर्यानं. मग आपण आता उठू का नाही, हेही कुठेतरी आधीच ठरून गेलेलं असेल का? एखाद्या मोठ्या यंत्राला तेही मांडता येत असेल. या विचारानं ती क्षणभर जागच्या जागी थिजली. मग तिला त्या विचाराचाच संताप आला, आणि ती उठली.

“बाबांनू, थांबा! ह्या पाकळ्यांर काय ठरवा नकात. वहीतलो येक कौल खोटो आसा.”

डोळे उघडले. उमेश वळला. “देवळात उभी रवान काय बोलतंस ता कळता तुका? खयचो कौल?”

तृप्तीच्या हातात तारीख होती, वेळ होती, हवेचे आकडे होते. पण डाव्या खांबाला टेकून शेवंतीकाकी बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर ते नाव तिच्या तोंडातून बाहेर पडेना. तिनं वडिलांकडे पाहिलं.

“खयचो कौल, सांग!” उमेश ओरडला.

“माझो,” शेवंतीकाकी म्हणाल्या.

त्या खांबाला धरून उठल्या. कुणी हात द्यायला पुढे आलं, त्यांनी तो बाजूला केला.

“त्या दिवशी सगळ्यांनी डोळे मिटलेले. माझो जीव त्या पाकळीक लटाकलेलो, मी कसे मिटतलंय? मी बघलंय. गंगारामान आंगठो भिजवल्यान आणि उजवी परत दाबल्यान.”

“आये!” उमेशच्या तोंडून एवढंच आलं.

“तेचाळीस वर्सा बोलाक नाय. बोललंय आसतंय तर तुका घेवन खय गेलंय आसतंय?”

मागून कुणीतरी पुटपुटलं, म्हणजे देव हिला दोषीच म्हणत होता की काय. काकींनी ते ऐकलं.

“पाकळी म्हणत होती,” त्या म्हणाल्या. “काशीनाथाचा पोर तापान फणफणत होता. तेव्हा काशीनाथ घराक नव्हतो, म्हणान मीच तेका खांद्यार घेतलंय आणि दवाखान्याक निघालंय. चार मैल. तिसऱ्या मैलार माझ्या खांद्यारच गेलो तो. मी तेका घेवन परत इलंय, आणि लोकांनी म्हटला, हिनाच खाल्ल्यान.”

चार मैल. तृप्तीला वहीतली १९५८च्या जूनमधली ती ओली सकाळ आठवली, ते हायस्कूल, तो रस्ता, तो दवाखाना. पोर कशानं गेलं ते वहीच्या पहिल्या पानांतच लिहिलेलं होतं. ते वाचणारी अख्ख्या मंडपात ती एकटी होती.

काकी आता गंगारामांकडे वळल्या होत्या. “आणि तू रे! तुझी बायल गेली तेव्हा तिच्या उशाक मी होतंय. कावीळ होती ती. तुझा तोंड बघान माका तेव्हाच कळला तुझ्या मनात काय आसा ता. पण मी बोलाक नाय, ह्यो माझो गुन्हो. अरे, आंगठो तुझो आणि फायदो माझो. देवाक सूड घेवचो आसतो तर तेनी माका न्हेल्यान आसता. त्या बिचारीक कित्याक?”

गंगाराम गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. गावानं आपल्या गुरवाला असं कधी पाहिलं नव्हतं.

“त्या आंगठ्यात देव होतो की नाय, ता माका म्हायत नाय,” काकी म्हणाल्या. “पण पाकळीत नव्हतो, ह्या माका म्हायत आसा. माझी भांडी भरलेली आसत. उमेशा, हंडो तेवडो जड आसा. तो तू घे.”

आणि त्या चालायला लागल्या.

उमेश उभा राहिला. त्यानं पाषाणाकडे पाहिलं. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी होत्या. मग त्यानं आईच्या पाठीकडे पाहिलं. ती एका हातानं गुडघा दाबत पायऱ्या उतरत होती. ज्या देवानं तिला राखलं असं तो मानत आला, तो देव त्याच्यासाठी त्या मिनिटात कुठेतरी नाहीसा झाला होता, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तृप्तीला त्याच्याकडे बघवेना. तो वाकला, उंबऱ्याला हात लावला की नुसता तोल सावरला कुणास ठाऊक, आणि आईच्या मागे गेला.

मानकरी गेला तसे लोक उठू लागले. एकेक, दोनदोन. पण सगळे उठले नाहीत. आठ-दहा घरची माणसं हात जोडून तशीच बसून राहिली. पाकळ्या अजून गळायच्या होत्या.

गंगारामांनी डोळे पुसले. “किती येळ?” त्यांनी लेकीला हळूच विचारलं.

तृप्तीनं पडद्याकडे पाहिलं. “वीस मिनटा.”

“डावी?”

“डावी.”

ते उठले. पाषाणापुढे गेले, वाकून नमस्कार केला, आणि मग खैरवण्याच्या कुठल्याच गुरवानं कधी केलं नव्हतं ते केलं. दोन्ही हातांनी दोन्ही पाकळ्या देवाच्या खांद्यांवरून उचलल्या. बसलेल्यांतून एक बाई किंचाळली.

“देवा, प्रश्न मागे घेतलंय,” गंगाराम मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांकडे तोंड करून. “पयल्यांदा लपान केलंय, आज सगळ्यांच्या डोळ्यासमोर करतंय. भेग आमका दिसता. जी गोष्ट दिसता ती तुका विचारूची नाय. काय व्हयता ता माझ्या एकट्याच्या माथ्यार.”

त्यांनी पाकळ्या तीर्थाच्या भांड्यात सोडल्या. बसलेली माणसं एकमेकांकडे बघत राहिली. आता वाट बघायला काही उरलं नव्हतं. शेवटी ती किंचाळलेली बाईच आधी उठली, कपाळाला हात लावत, पुटपुटत, पण उठली.

मंडप रिकामा झाला. बाहेर कुणाच्या तरी अंगणातून भांड्यांचा आवाज यायला लागला. डोंगर होता तिथेच होता. त्याच्यामागे ढग होते की नुसता मे महिन्यातला धुरकट उकाडा, ते काही कळत नव्हतं.

तृप्तीच्या हातातल्या पडद्यावर अजून तीच ओळ होती. डावा प्रसाद. खात्री आता शंभरात अठ्ठ्याण्णव झाली होती.

“तुझ्या आवशीच्या पाठीमागे मी उगाचच...” गंगाराम बोलता बोलता थांबले. त्यांनी ओला अंगठा धोतराला पुसला, मग तो उजेडात धरून जरा वेळ बघितला.

“चल चेडवा,” ते म्हणाले. “आमसुला उचलूची आसत.”